स्लेडवर ४५ बरोबर दाखवतंय तरी माईटरला फट? आधी फट बघा, मग स्क्रू सैल करा

दरवर्षी आषाढ लागला की हा प्रश्न हमखास येतो. देव्हाऱ्याच्या दाराची चौकट असो, गणपतीच्या मखराची फ्रेम असो, नेमप्लेट असो, टेबल सॉवर स्लेड (पट्टी धरून ब्लेडमधून सरकवायची पाटी) लावून माईटरसाठी, म्हणजे दोन तिरपी टोकं जुळवून होणाऱ्या कोपऱ्यासाठी, पंचेचाळीस कापलंय, डिजिटल गेजवर ४५.० येतंय, तीन कोपरे मस्त बसतायत आणि चौथ्यात नख जाईल एवढी फट. मग माणूस काय करतो, तर फेन्सचा (स्लेडवर पट्टी जिला टेकवून कापतो त्या कडेचा) स्क्रू सैल करतो, केसभर सरकवतो, परत कापतो, आता दुसराच कोपरा उघडतो. असं करत करत सागवानाची चांगली पट्टी निम्मी होते आणि शेवटी भुसा नि फेविकॉल कालवून फट बुजवली जाते. पॉलिश मारलं की ती काळी रेघ आणखीनच उठून दिसते ते वेगळंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की फट बघितल्याशिवाय स्लेडला हात लावायचा नाही. फट कुठे आहे आणि दर वेळी तिथेच येते का, यावरून निम्मं निदान होतं, आणि बऱ्याचदा कळतं की फेन्सचा काही दोषच नव्हता.

बघायचं कसं, तर चारही पट्ट्या गोंद न लावता एकदम सपाट जागेवर जुळवा. जुन्या टीपॉयची काच असेल तर उत्तम, प्लायचा तुकडा नको, तो स्वतःच वाकलेला असतो. बाहेरून सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी ताणून बांधा म्हणजे चारही बाजूंनी सारखा दाब येतो. हाताने तीन कोपरे दाबून चौथा बघू नका, तसं केलं की सगळी चूक ढकलत ढकलत चौथ्यात जाऊन बसते आणि तुम्हाला वाटतं तोच कट खराब आहे. आता मोबाईलचा टॉर्च मागून मारा.

बाहेरचं टोक टेकलंय आणि आतल्या बाजूने उजेड येतोय, चारही कोपऱ्यांत साधारण सारखाच, तर पट्टीचं टोक ४५ पेक्षा निमुळतं कापलं जातंय. उलट आतला कोपरा टेकलाय आणि बाहेर उघडं, तर टोक ४५ पेक्षा बोथट आहे. वरून एकदम बंद पण फ्रेम उलटी केली की मागून फट दिसते (किंवा त्याच्या उलट), तर कोन सोडा, ब्लेड टेबलाला ९० मध्ये उभी नाही. दोन कोपरे छान, दोन उघडे, आणि फट पाचरीसारखी न दिसता एक टोक दुसऱ्याच्या पुढे सरकल्यासारखं दिसतं, तर समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी एक नाही. आणि दर फ्रेमला फटीची जागाच बदलत असेल तर काहीतरी हलतंय, एकतर रनर (स्लेडच्या खालची, टेबलाच्या खाचेत सरकणारी पट्टी) खुळखुळतोय नाहीतर पट्टी कापताना सरकतेय.

आता आकड्यांचं थोडं बघू कारण त्याशिवाय गेजवरचा विश्वास कमी होत नाही. चौकोनी फ्रेमला आठ कट असतात. प्रत्येक कट एकाच बाजूला ०.१ डिग्री चुकला तर सगळं मिळून ०.८ डिग्री. ६० मिमी रुंद पट्टीचा माईटर साधारण ८५ मिमी लांब होतो, सगळी चूक एकाच कोपऱ्यात आली तर त्यावर ०.८ डिग्री म्हणजे एका टोकाला जवळपास १.२ मिमी फट. आणि स्वस्तातल्या डिजिटल गेजच्या बॉक्सवरच बघा, अचूकता ०.१ नाहीतर ०.२ डिग्री इकडे-तिकडे अशी लिहिलेली असते. म्हणजे ज्या चुकीच्या मागे आपण लागलोय ती त्या गेजला दिसतच नाही. गेज ब्लेड उभी करायला वापरा, माईटरचा शेवटचा निकाल त्याच्याकडे मागू नका.

ऐरोलीच्या एका मित्राकडे हेच चाललं होतं. दोन फेन्सचा, व्ही आकाराचा चांगला स्लेड बनवलेला, तरी बाहेरून फट. त्याला विचारलं, "दोन्ही टोकं कुठल्या बाजूला कापतोस?" तर म्हणे, "डावीकडेच रे, उजव्या फेन्सवर माझा तेवढा भरवसा नाही. पट्टी उलटी केली की झालं." बस, इथेच सगळं आहे. सपाट पट्टी उलटी करून दोन्ही टोकं एकाच फेन्सवर कापली की त्या फेन्सची जी काय चूक असेल ती आठही कटांना सारखी लागते, म्हणजे वरचा ०.८ चा हिशोब तसाच्या तसा लागू.

व्ही स्लेडची खरी मजा अशी की दोन फेन्समध्ये आपापसात पक्का ९० असला तर प्रत्येक फेन्स वेगवेगळी ४५ असायची गरज नाही. डावी ४५.१ असेल तर उजवी आपोआप ४४.९ होणार, आणि कोपऱ्यात एक टोक डावीकडचं नि एक उजवीकडचं जुळवलं की बेरीज ९० च. फक्त पट्टीचा चांगला चेहरा कायम वर ठेवायचा आणि प्रत्येक पट्टीचं एक टोक डावीकडे, एक टोक उजवीकडे कापायचं. मित्राने स्लेडला हात न लावता त्याच दुपारी तशी फ्रेम कापली आणि बाहेरची फट गेली. मात्र याचा अर्थ कसंही बसवा असा नाही. प्रत्येक फेन्स ४५ पासून अर्धा डिग्री ढळलेली असेल, म्हणजे एक ४५.५ आणि दुसरी ४४.५, तर ६० मिमी पट्टीवर एक माईटर दुसऱ्यापेक्षा दीड मिमी लांब होतो, मग फट नसते पण आतल्या कोपऱ्याला पायरी दिसते. पायरी दिसली तर दोन्ही फेन्स मिळून फिरवायच्या, एकच नाही.

म्हणून नवीन स्लेड करणाऱ्यांना माझा सल्ला असा की दोन सुट्ट्या फेन्स लावूच नका. १८ मिमीचे दोन तुकडे एकावर एक चिकटवून त्याचा एकच त्रिकोणी ठोकळा करा ज्याचा कोपरा ९० आहे. एमडीएफच्या शीटचा कंपनीचा कोपरा बऱ्यापैकी ९० असतो पण तपासून घ्या. गुण्यावरही (काटकोन तपासायच्या अवजारावर) डोळे झाकून विश्वास नको. सरळ कडेला गुण्या लावून पेन्सिलने रेघ मारायची, गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून परत रेघ मारायची, दोन रेघा वर जाऊन फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी गुण्याची चूक. हार्डवेअरच्या दुकानात घेतानाच काउंटरवरच्या एखाद्या सरळ कडेच्या फळीवर हे करून बघता येतं, दुकानदार जरा विचित्र बघतो, बघू दे. मोठ्या मापाला ३००, ४०० आणि ५०० मिमीचा त्रिकोण करून बघा, त्याला गुण्याच लागत नाही. ठोकळा एकच असला की ९० कायमचा ठरला, मग एका स्क्रूवर फिरवून बसवला की काम झालं.

फेन्स आधीच चिकटवलेल्या असतील आणि थोडंसंच सरकवायचं असेल तर कागद वापरा. झेरॉक्सचा साधा ७५ जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. ३०० मिमी लांब फेन्सच्या तोंडाला एका टोकाशी एक घडी न घातलेली पट्टी चिकटवली तर कोन जेमतेम ०.०२ डिग्री बदलतो. स्क्रू सैल करून ठोकण्यापेक्षा हे शंभरपट बरं, आणि नको असेल तर काढून टाकता येतं.

इथे आणखी एक गोष्ट, बरेच जण कंपासपेटीतला सेटस्क्वेअर ब्लेडच्या पत्र्याला टेकवून फेन्स बसवतात. कटाचा कोन ठरतो तो स्लेड ज्या दिशेने सरकतो त्यावर, म्हणजे टेबलाच्या खाचेवर. ब्लेड खाचेला समांतर नसेल तर ब्लेडवरून घेतलेला कोन चुकलाच म्हणून समजा. ब्लेड समांतर आहे का ते बघायला मेन स्विच बंद करून प्लग काढा, एका दाताला मार्करने खूण करा, तो दात पुढे आणून खाचेपासून अंतर घ्या, मग तोच दात मागे फिरवून परत घ्या. ०.१ मिमीच्या आत फरक असेल तर सोडून द्या. मोजायला फिलर गेज लागेल, बाईक मेकॅनिककडे प्लग नि टॅपेटसाठी असतो तोच. फरक जास्त असेल तर ब्लेडचे मागचे दात वर येताना कापलेल्या तोंडाला परत घासतात, सागवानावर तपकिरी जळके गोल ओरखडे दिसतात आणि तेलकट जळका वास येतो. ते तोंड मग सपाट राहत नाही, माईटर कसा बसणार. आपल्याकडे निम्म्या वर्कशॉपमध्ये टेबल सॉ म्हणजे प्लायच्या टेबलाखाली उलटी टांगलेली हातमशीन असते, तिथे तर हे पहिलं बघा, कारण चार स्क्रूंवर लटकलेली मशीन कंप पावून हळूहळू फिरतेच.

आता हलण्याचं प्रकरण, आणि हेच खरं ते दरवर्षी परत येणारं दुखणं. ठाणे, नवी मुंबईत जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, खाडीकाठी कळवा, ऐरोली, वाशीकडे तर भिंतीसुद्धा ओल्या लागतात. सागवानाचा १९ मिमीचा रनर एक टक्का जरी फुगला तरी जवळपास ०.२ मिमी रुंद होतो आणि खाचेत अडकतो. लोक काय करतात, पॉलिश पेपर घेऊन घासतात. पावसाळा गेला, रनर सुकला, डिसेंबरात तो खाचेत नाचायला लागतो, मग नवीन रनर बनवतात, आणि जुलैत परत तो अडकतो. या चक्रातून सुटायचं असेल तर लाकडी रनर सोडा. स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात पांढरा जाड प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड मिळतो, त्याच्या पट्ट्या कापून रनर करा, हे प्लॅस्टिक पाणी पीत नाही. दोनच गोष्टी सांभाळा. स्क्रू फार आवळू नका, आवळला की त्या जागी पट्टी दोन्ही बाजूंना फुगते आणि तेवढ्याच ठिकाणी अडकते, आणि उन्हाळ्यात प्लॅस्टिक लांबीला थोडं वाढतं म्हणून एक भोक सोडून बाकीची जरा लांबट करा. ॲल्युमिनियमची पट्टी मिळाली तर तीही चालते. खाचेत मेणबत्ती घासायची, तेल नाही, तेलात भुसा चिकटून लगदा होतो.

बदलेपर्यंत सैल रनरनेच काम करायचं असेल तर प्रत्येक कटाला स्लेड एकाच बाजूला दाबून ढकला, डावीकडे तर कायम डावीकडे, जाताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत. स्लेडचा कल कायम एकाच बाजूला राहिला की डावी-उजवी बेरीज जुळते. कधी इकडे कधी तिकडे झाला की नाही जुळत. स्लेडचा तळही बघून घ्या, कमर्शियल प्लायचा असेल तर पावसाळ्यात होडीसारखा वाकतो आणि मग ब्लेड ९० असूनही मागून फट येते. आयएस ७१० चा मरीन प्लाय १२ मिमी घ्या आणि कापलेल्या कडांना दोन हात सीलर मारा, कडेतूनच पाणी आत जातं.

पट्टी सरकण्याचं सांगायचं तर ४५ वर ब्लेड पट्टीला फक्त फेन्सवर दाबत नाही, फेन्सवरून बाहेरच्या बाजूला ढकलतेही. हाताने कितीही घट्ट धरलं तरी केसभर सरकतेच आणि कट किंचित वाकडा होतो. फेन्सच्या तोंडाला १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, आणि पट्टी टॉगल क्लॅम्पने (दांडी दाबली की घट्ट बसणाऱ्या पकडीने) दाबा, हाताने नाही. ब्लेडही बघा, मशीनबरोबर आलेली २४ दातांची ब्लेड फाडायला आहे, १० इंचीला ६० किंवा ८० दातांची लावा. मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर भरपूर व्हरायटी मिळते, पण पातळ पत्र्याची ब्लेड जाड सागवानात वाकते एवढं ध्यानात ठेवा. ब्लेडवर चीक चढलेला असेल तर आधी तो काढा, कितीतरी वेळा तेवढ्यानेच भागतं.

लांबीसाठी स्टॉप ब्लॉक (पट्टीचं टोक जिथे अडवायचं तो ठोकळा) लागतोच लागतो, पट्टीवर खूण करून डोळ्याने कापायचं असेल तर बाकी सगळं वाया. ब्लॉकच्या तोंडाला माईटरचं टोक बसेल अशी ४५ ची खाच करा, नाहीतर ते नाजूक टोक ब्लॉकवर आपटून चेपतं आणि पुढची पट्टी अर्धा मिमी लांब येते. ब्लॉकच्या खालच्या कोपऱ्याला रंध्याने तिरपी कड पाडून ठेवा, भुसा तिथे साठतो. खरं सांगायचं तर "लांबी चुकते" म्हणणाऱ्यांमध्ये बऱ्याच जणांचं कारण तो चिमूटभर भुसा असतो. समोरासमोरच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या करा आणि टोकांवरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा फरक बोटाला लागतो. लागला तर लांब असलेली पट्टी परत स्टॉपला लावून कापा.

हे सगळं झालं, फट नाही, गोंद लावला, पॉलिश केलं, डिलिव्हरी दिली आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाईकाचा फोन, "दादा, कोपरा उघडलाय." हा स्लेडचा दोष नाही, लाकडाचा स्वभाव आहे. लाकूड रुंदीला फुगतं-आकसतं, लांबीला जवळजवळ नाहीच, त्यामुळे माईटरचा कोन नंतर बदलतो. ७० मिमी रुंद पट्टी एक टक्का आकसली तर कोपऱ्याला आतून साधारण १ मिमी उघडतं. फुगली तर बाहेरून. वागळे इस्टेटच्या गाळ्यात जुलैत बनवलेली फ्रेम घोडबंदर रोडच्या एसी बेडरूममध्ये गेली की आतून उघडणार, आणि फेब्रुवारीत बनवलेली उघड्या बाल्कनीतल्या देव्हाऱ्याला लावली की पावसाळ्यात बाहेरून. म्हणून वर जे आत-बाहेरचं सांगितलं ते ताज्या कटाला लागू, जुन्या फ्रेमची फट बघून फेन्स हलवायला जाऊ नका. उपाय म्हणाल तर पट्टी शक्य तितकी अरुंद ठेवा, लाकूड आणल्या आणल्या कापू नका, दोन-तीन आठवडे कोरड्या खोलीत मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा, आणि रुंद फ्रेमला नुसत्या गोंदावर न सोडता कोपऱ्यात आडवी चीर पाडून लाकडाची पातळ चकती घाला. मॉइश्चर मीटर असेल तर चारही पट्ट्यांचा आकडा सारखा आहे एवढं तरी बघा.

गोंदाचं थोडक्यात, माईटरचं तोंड गोंद पिऊन टाकतं, म्हणून आधी एक पातळ हात, पाच मिनिटं थांबून दुसरा. बाहेरून चिकटपट्टी लावून दुमडायचं म्हणजे टोकं घसरत नाहीत.

सुरक्षेचं लिहायलाच लागेल कारण स्लेडवर गार्ड काढावा लागतो. फेन्सच्या मागे, जिथे ब्लेड बाहेर येते, तिथे जाड ठोकळा लावा आणि अंगठे त्याच्या दोन्ही बाजूंना. माईटर कापल्यावर जो छोटा त्रिकोणी तुकडा सुटतो तो ब्लेड फिरत असताना बोटाने काढायचा नाही, उडतो आणि सरळ तोंडावर येतो. स्विच बंद, ब्लेड थांबली, मग काठीने बाजूला.

आणि एखादा हट्टी कोपरा एवढं करूनही केसभर राहिलाच, उद्या प्रतिष्ठापना आहे आणि नवीन पट्टी नाही, तर गोंद न लावता तो कोपरा पक्का क्लॅम्प करा आणि बारीक दातांची हातकरवत बरोबर सांध्याच्या रेघेवरून आरपार घाला. करवतीची चीर सगळीकडे सारख्याच रुंदीची असते, त्यामुळे तोंडं एकमेकांना समांतर होतात. क्लॅम्प सोडून जवळ दाबली की बंद. फ्रेम त्या कोपऱ्यात करवतीच्या जाडीएवढी आत येते, काच किंवा आरसा आधीच कापून आणला असेल तर तेवढं बघून घ्या.